नेटमध्ये घडलेला बॉलर

संध्याकाळी जळगावच्या सागर पार्कवर जा, नाहीतर धुळ्याच्या गरुड मैदानावर. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसेल. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. मग त्याच्या जवळच्या दोस्तांची. आणि एक भिडू असा असतोच, जो तासभर नुसता बॉल टाकत असतो. अंधार पडला की त्याला उद्याचा वायदा मिळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुमच्या ग्रुपमध्ये असं कोण आहे, आठवून बघा. कदाचित तुम्हीच असाल. मग पुढची गोष्ट तुमच्यासाठीच आहे. भारतातला पहिला मोठा स्पिनर अगदी असाच, दुसऱ्यांना बॉल टाकता टाकता घडला. त्यांचं नाव पालवणकर बाळू. जुने क्रिकेटवाले त्यांना पी. बाळू म्हणायचे.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवण गावचं, चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण गेलं पुण्यात. लष्करी साहेबांनी खेळून टाकून दिलेल्या बॅटी-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. घरात खाणारी तोंडं जास्त होती, काम करणं भाग होतं.

पहिलं काम मिळालं पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, अधूनमधून मेंबरांना बॉल टाकायचा. पगार महिना तीन रुपये. तिथून १८९२ च्या सुमारास पोरगा पूना क्लबात गेला. हा गोऱ्या साहेबांचा क्लब. पगार एक रुपयाने वाढला. कामं तीच: खेळपट्टी तयार करणं, चुन्याच्या रेषा मारणं, नेट बांधणं. टेनिसच्या कोर्टाची वेगळी.

तिथल्या एका साहेबाने या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला नेटमध्ये बॉल टाकायला लावलं आणि त्याच्या डाव्या हातात काय आहे ते लोकांना दिसलं.

आठ आणे एक विकेट

पूना क्लबात तेव्हा ग्रेग नावाचा एक जबरदस्त बॅट्समन होता. उंचीला कमी, पण पायांच्या हालचाली चपळ, नजर पक्की. त्याला आणखी चांगलं खेळायचं होतं. म्हणून तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूला बॉल टाकायला लावायचा. आपल्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्याचा शिरस्ता होता म्हणतात.

हिशोब करून बघा. पगार चार रुपये. म्हणजे ग्रेगला आठ वेळा उडवलं की अख्ख्या महिन्याचा पगार सुटला!

आज आपण बॉलर घडवायचा म्हटलं की अकॅडमी, व्हिडिओ अॅनालिसिस, स्पीड गन असलं सगळं बोलतो. बाळूकडे यातलं काहीच नव्हतं. पण तीन गोष्टी होत्या आणि त्या आजही लागतात. एक, भरपूर बॉल टाकायला मिळणं, रोज, शेकडो तास. दोन, समोर असा बॅट्समन, जो आखूड बॉलला माफ करत नाही आणि ओव्हरपिच बॉल तर सोडतच नाही. तीन, प्रत्येक बॉलला काहीतरी पणाला लागलेलं असणं. बाळूसाठी ते आठ आणे होते.

यातून जो बॉलर तयार झाला, तो नुसता बॉल वळवणारा नव्हता. डावखुऱ्या स्पिनरचा बॉल उजव्या बॅट्समनपासून बाहेर जातो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. बाळू तोच बॉल आतही आणायचा. वेग कमी-जास्त करायचा, टप्पा मात्र हलू द्यायचा नाही. आणि थकायचा नाही.

‘लगान’मधला कचरा आठवतो? बाळूंची गोष्ट निघाली की अनेकांना तो आठवतोच. पण फरक लक्षात घ्या. कचराचा बॉल वळतो त्याच्या अधू हातामुळे, नशिबाने. बाळूंचा बॉल वळायचा तो तासन् तास घासून मिळवलेल्या कसबामुळे. सिनेमात जो चमत्कार वाटतो, तो पुण्यात रोज सकाळ-संध्याकाळ केलेला सराव होता.

आणखी एक गोष्ट. इतकी वर्षं पूना क्लबात बॉल टाकूनही बाळूला तिथं कुणी बॅट हातात दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची. ही वाटणी आपल्याकडे किती जुनी आहे बघा.

मैदानात एक, मैदानाबाहेर दुसरं

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बॉलर हवा होता. गोऱ्यांना रोज नेटमध्ये आउट करणारा बॉलर गावातच होता. पण तो अस्पृश्य. त्याला संघात घ्यायचं का, यावर क्लबात दोन तट पडले. काही तेलुगू मेंबर घ्या म्हणत होते, पुण्यातले बरेच ब्राह्मण मेंबर नको म्हणत होते. ग्रेगनेच या बॉलरला न घेणं मूर्खपणाचं ठरेल असं मत जाहीर केलं, आणि बाळू संघात आले.

आले, पण कसे? मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. टी टाइमला मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचं तर पाणी ओतणारा नोकरही अस्पृश्यच हवा. विकेट मिळाली की सगळ्यांची, पाणी मात्र वेगळं.

बाळू विकेट घेत राहिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने तर त्यांचा स्पिन चालू नये म्हणून कित्येक दिवस रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी केली. बाळूंनी तिथं सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने जाहीरपणे त्यांचं कौतुक केलं. हळूहळू काही सहकारी त्यांच्यासोबत जेवायलाही बसू लागले.

मुंबई आणि मग इंग्लंड

प्लेगच्या काळात बाळू पुण्याहून मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही सुरुवातीला कुरकुर झालीच. कर्णधार कीर्तिकर अडून बसले म्हणून बाळू खेळले. रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, गोरे १९१ आणि १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय! त्या संघात बाळू आणि शिवराम, दोघेही भाऊ होते.

मग आलं १९११. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी, मुस्लिम असा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला निघाला. त्याच वर्षी लंडनला राज्याभिषेक होता. महाराज बरेचसे समारंभांतच अडकले आणि मिस्त्रीसारखा उत्तम बॅट्समनही त्यांच्या दिमतीला राहिल्याने थोडेच सामने खेळला. उरलेला संघ गावोगाव फिरत खेळत राहिला.

त्या दौऱ्यात २३ सामने झाले. संघ सहा जिंकला, पंधरा हरला. आणि बाळू? ११४ विकेट, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लीसेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात ११. वय तेव्हा पस्तिशीचं. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना होऊ लागली.

हे आकडे वाचून छाती फुगते, पण ते दुसरंही काही सांगतात. ११४ विकेट एकटा माणूस काढतो आणि तरी संघ पंधरा सामने हरतो, याचा अर्थ काय? दुसऱ्या टोकाकडून तितक्याच ताकदीचा बॉलर सतत हवा होता. सामन्यामागून सामना एकाच खांद्यावर ओझं टाकून दौरा जिंकता येत नाही. आपल्या कॉलेज टीमा आजही हीच चूक करतात. एक चांगला बॉलर सापडला की मे महिन्याच्या उन्हात त्याला पिळून काढायचं, आणि त्याचा खांदा धरला की इकडेतिकडे बघायचं. बॅट्समन आपोआप जमतात, भो. बॉलरांची फळी मात्र तयार करावी लागते. आणि ती कुठं सापडते? नेटमध्ये, जिथं आपण बघत नाही तिथं.

हे फक्त जुन्या काळचं नाही. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर टी. नटराजन नेट बॉलर म्हणून गेला होता. एकेक बॉलर जायबंदी होत गेला आणि नटराजन त्याच दौऱ्यात वन-डे, टी-ट्वेंटी आणि टेस्ट, तिन्ही खेळला.

कॅप्टन मात्र नाही

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. मानपत्राच्या कामात एक विशीतला कॉलेजचा मुलगा पुढे होता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तुमच्याच वयाचा.

चौरंगी सामने सुरू झाले. बाळू संघातले सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. कर्णधारपद मात्र वर्षामागून वर्ष दुसऱ्याकडे. त्यातलेच एक कर्णधार पै यांनी तर हा मान बाळूंचाच होता असं जाहीर सांगितलं. १९२० मध्ये पै आजारी असताना धाकटा भाऊ विठ्ठल याला डावलून देवधरांना कर्णधार केलं, बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघ सोडला. चर्चा पेटली. अंतिम सामन्याला भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ सांभाळला. तेवढंच. पण त्यातून वाट उघडली. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

थोरल्याला जे मिळालं नाही, ते धाकट्याला मिळालं. त्यासाठी दोन भावांना खेळ पणाला लावावा लागला, हे विसरू नका.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तोवर बाळूंची पन्नाशी उलटली होती. त्याच वर्षी पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. एकेकाळी ज्याने सत्कारात पुढाकार घेतला, तोच समोर. दोघांची वाट वेगळी झाली होती, पण सोसलेलं एकच होतं.

त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. आजही त्या तारखेला तिथं लोक जमतात. तुमच्यापैकी अनेक जण गेलेही असतील. पुढच्या वेळी गेलात तर त्या निवडणुकीतला दुसरा उमेदवारही आठवा. ४ जुलै १९५५ ला बाळू गेले.

आता पुन्हा तुमच्या मैदानावर या. कॉलेजची टीम निवडायची वेळ येईल. त्याआधी एक आठवडा वही घेऊन बसा. नेटमध्ये कुणी किती ओव्हर टाकल्या, किती वेळा चांगल्या बॅट्समनला चकवलं, लिहून काढा. आणि शेजारी आणखी एक रकाना आखा: त्याला किंवा तिला बॅटिंग किती मिनिटं मिळाली? पाण्याची बाटली कोण आणतं, किट कोण उचलतं, आणि टीम ठरवताना कोण बोलतं, तेही लिहा. ती वही सगळ्यांसमोर वाचा. तुमचा बाळू त्यात सापडेल. सापडला, की त्याला बॉल द्याच. पण संध्याकाळ व्हायच्या आत बॅटही द्या, आणि पुढचा कॅप्टन निवडताना त्याचं नाव पहिलं घ्या.