जॉन डाल्टन

लवण तयार करण्यास आम्ल किती व अल्कली किती घ्यावी, हें गणित मांडतांना आमचे कांहीं विद्यार्थी हताश होतात. त्यांच्यासाठीं हें चरित्र आम्ही देत आहों.

जॉन डाल्टन यांचा जन्म इ. स. १७६६ मध्यें इंग्लंडांतील ईगल्सफील्ड गांवीं एका गरीब क्वेकर विणकराच्या घरीं झाला. बाराव्या वर्षींच ते शाळेंत शिकवूं लागले. १७९३ मध्यें मँचेस्टर येथें अध्यापक झाले. प्रत्येक मूलद्रव्याच्या परमाणूस ठराविक भार असून परमाणूंचा संयोग पूर्णांकांच्या प्रमाणांतच होतो, हा सिद्धांत त्यांनीं १८०८ च्या ग्रंथांत मांडला. आपलीं गणितें याच पायावर उभीं आहेत.

परंतु पाण्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेकच परमाणु असतो, असें त्यांनीं धरलें. त्यांच्या काळचीं वजनेंही स्थूल होतीं. त्यामुळें ऑक्सिजनचा परमाणुभार १६ ऐवजीं ७ आला. पुढील शास्त्रज्ञांनीं ही चूक त्यांच्याच सिद्धांताच्या आधारें सुधारली. १७८७ मध्यें आरंभिलेली हवामानाची रोजनिशी डाल्टन यांनीं १८४४ मध्यें मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत लिहिली.

विद्यार्थ्यांनो, उत्तर चुकलें तरी रीत पुसूं नका. रीत लिहिलेली असेल तरच चूक सांपडते. पालकांनींही रागावण्यापूर्वीं ती रीत पाहावी, अशी आमची विनंती आहे.