कावसजीचं नाक: सव्वादोनशे वर्षांपूर्वीची पुण्याची सर्जरी

नाकाची सर्जरी म्हटलं की सेल्फी आणि फिल्टर आठवतात. पण या सर्जरीच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध पेशंट कोण, माहितीये? ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बैलगाडी हाकणारा एक मराठा शेतकरी, कावसजी. (नाव पारशी वाटतं, पण नोंद अशीच आहे.)

१७९२ च्या म्हैसूर युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे तो मुंबईच्या फौजेत आला आणि कंपनीने त्याला पेन्शन दिली. पण नाक कापलेला माणूस म्हणजे चारचौघांत अब्रू गेलेला माणूस. आपल्या भाषेत ते आजही टिकून आहे. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच वावरला.

मग पुण्याजवळ, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. भूल वगैरे काही नाही, ती यायला अजून ५० वर्षं होती.

हे केलं कसं?

आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकारात बसवून पाहिला. तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोलली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवली. कातडी अर्धी पिळून खाली वळवली, जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून त्यात बसवली आणि वरून काताचा लेप लावलेल्या चिंध्या चिकटवल्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. ती पट्टी कापली थेट २५ व्या दिवसाच्या आसपास.

मला, एक सॉफ्टवेअरवाला म्हणून, हीच पट्टी भारी वाटते. नवीन सर्व्हर नीट चालेपर्यंत आपण जुनं कनेक्शन काढत नाही ना? तसंच. नवीन जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत कपाळाचा पुरवठा चालू!

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे सगळं चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच सर्जरी केली. कॅन्सरमुळे नाक गेलेल्यांसाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

मी हे शोधत बसलो त्याला कारण आहे. शाळेत बॉल लागून माझं नाक वाकडं झालं, उजव्या बाजूने श्वास नीट येत नाही. औरंगपुऱ्यातल्या घरी यावर दोन मतं आहेत: आई म्हणते करून टाक, बाबा म्हणतात चाललंय ना. माझ्या केसमध्ये कपाळाला हात लागणार नाही. आतला वाकडा पडदा सरळ करायचा, बाहेरचं हाड हलवायचं की नाही हा प्रश्न आहे. ॲपवर सरळ नाकाचा फोटो पाच सेकंदांत मिळतो, पण पडदा त्यात दिसतच नाही. म्हणून डॉक्टरांना आधी श्वासाचं विचारणार, दिसण्याचं नंतर.

आणि कावसजीचं चित्र जरूर बघा. ते जेम्स वेल्सचं, आपल्या वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढणारा तोच. नाक व्यवस्थित आहे, आणि कपाळावरचा व्रणही त्याने तसाच ठेवलाय.