स्वतःच्या नावासाठी नवं अक्षरच बनवून घेणारी चीनची सम्राट

चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने गादीवर बसलेली बाई एकच, वू झेटियान. इ.स. 624 चा जन्म. चौदाव्या वर्षाच्या आसपास ती सम्राट तायझोंगच्या जनानखान्यात आली. त्याने तिला नाव दिलं 'मेई', म्हणजे मोहक. 649 मध्ये तो वारला आणि रिवाजाप्रमाणे तिची रवानगी बौद्ध मठात झाली. तिथून तिला परत आणलं ते तायझोंगच्याच मुलाने, सम्राट गाओझोंगने. 655 मध्ये ती त्याची पट्टराणी झाली.

नवरा 683 मध्ये गेला. दोन मुलांना गादीवर बसवून, उतरवून 690 मध्ये ती स्वतःच सम्राट झाली.

पण सम्राटाचं नाव 'मोहक' कसं चालणार? नात्यातल्या एका अधिकाऱ्याने आदल्याच वर्षी तिला डझनभर नवी अक्षरं सादर केली होती. त्यातलं एक खास तिच्या नावाचं, 'झाओ'. वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी, खाली आकाश. उच्चार 'उजळणे' या जुन्या शब्दासारखाच, पण चिन्ह कोरं करकरीत. पुरुषाला सूर्य आणि बाईला चंद्र मानणाऱ्या दरबारात तिने दोन्ही आपल्याच नावात घेतले!

गंमत म्हणजे राजाज्ञेलाही चिनीत 'झाओ'च म्हणत. सम्राटाचं नाव उच्चारायचं नाही हा नियम, त्यामुळे राजाज्ञेचा शब्दच बदलावा लागला.

705 मध्ये बंड झालं. ऐंशीच्या घरातल्या आजारी वूला गादी सोडावी लागली, त्याच वर्षी ती वारली. 'झेटियान' हे तिचं नाव नव्हेच, गादी गेल्यावर मुलाने दिलेल्या पदवीतला तो शब्द.

तिची अक्षरंही वापरातून गेली. 'देश' या अर्थाचं एक मात्र जपानमध्ये टिकलं, सतराव्या शतकातल्या तोकुगावा मित्सुकुनीच्या नावात. चौकटीच्या आत आठ दिशा, असं ते अक्षर.

आणि 'झाओ'? 1982 मध्ये सोंग पर्वतावर एका शेतकऱ्याला सोन्याची पातळ पट्टी सापडली. वूने 700 साली आपली पापं माफ व्हावीत म्हणून देवांना अर्पण केलेली. त्यावर तिचं नाव त्याच अक्षरात कोरलेलं आहे. पट्टी आज हनान प्रांताच्या संग्रहालयात आहे.