प्रयोगशाळेत घडलेले आचार्य : प्रफुल्लचंद्र राय

रसायनशास्त्र केवळ पुस्तकातून शिकता येते काय? कित्येक ठिकाणी प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात आणि तरीही मुले उत्तीर्ण होतात. म्हणूनच आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या विद्यार्थीदशेची ओळख आपण करून घेतली पाहिजे.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील राडुली या गावी झाला. शाळकरी वयात आमांशाने असे गाठले की शिक्षण दोनएक वर्षे खंडित झाले आणि प्रकृती कायमची नाजूक राहिली. पुढे घरची स्थितीही खालावली. कलकत्त्यात त्यांनी विद्यासागरांच्या, कमी फी असलेल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये नाव घातले. रसायनाची व्याख्याने ऐकायला मात्र ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. तेथे प्राध्यापक पेडलर वर्गासमोर सफाईने प्रयोग करून दाखवीत.

पण नुसते पाहून या विद्यार्थ्याचे समाधान होईना. एका वर्गमित्राच्या बिऱ्हाडी दोघांनी छोटीशी प्रयोगशाळा थाटली. एकदा पातळ पत्र्याचे घरगुती उपकरण वायूच्या स्फोटाने फुटले. दैव बलवत्तर म्हणून दोघे बचावले!

१८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो विद्यापीठात गेले. त्याच वर्षी मुंबईच्या बहादुरजी नावाच्या पारशी विद्यार्थ्यालाही ती मिळाली होती. प्रफुल्लचंद्रांचे गुरू होते प्राध्यापक क्रम ब्राउन. रसायनाचे मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून त्यांनी जर्मन भाषाही आत्मसात केली.

प्रयोगशाळेतील शिक्षण म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. हाती अज्ञात क्षार येतो. तो विरघळवायचा, त्यात एकेक द्रव घालायचा, साका बसतो का, त्याचा रंग कोणता, हे पाहायचे. मग साका गाळायचा, धुवायचा, सुकवायचा आणि दोन वजने जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलायचा. येथे पाठांतर कामास येत नाही. सचोटी व सबुरी येते. या शिस्तीत राहून प्रफुल्लचंद्र १८८५ साली बी.एस्सी. झाले. तांबे व मॅग्नेशियम वर्गातील धातूंच्या संयुक्त सल्फेटांवर प्रबंध लिहून १८८७ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

एवढी विद्या घेऊन १८८८ साली मायदेशी परतल्यावर जवळजवळ वर्षभर त्यांना नोकरी नव्हती. १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर जागा मिळाली. शिक्षणखात्यातील वरची श्रेणी हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होती. त्यांनी कुरकुर करीत वेळ दवडला नाही. १८९४ साली कॉलेजात नवी प्रयोगशाळा उभी राहिली आणि १८९६ साली त्यांनी मर्क्युरस नायट्राइट हे संयुग जगापुढे आणले.

१९१६ साली ते विज्ञान महाविद्यालयात गेले. वयाच्या साठाव्या वर्षापासून त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. आजन्म अविवाहित राहिलेल्या या आचार्यांनी महाविद्यालयातल्याच एका खोलीत वास्तव्य केले आणि १६ जून १९४४ रोजी तेथेच देह ठेवला.

त्यांनी वाढवलेल्या प्रेसिडेन्सीच्या रसायन विभागातूनच १९२५ साली मुहम्मद कुदरत-ए-खुदा एम.एस्सी. झाले, १९२९ साली लंडनचे डी.एस्सी. झाले आणि १९७२ साली बांगलादेशाच्या पहिल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले. एका प्रयोगशाळेचा लाभ किती दूरवर पोहोचतो पाहा!

म्हणून पालकांना व देणगीदारांना विनंती एवढीच : शाळेत आलात की निकालाबरोबर प्रयोगशाळेचीही चौकशी करा. परीक्षानळी आपल्या मुलामुलींच्या हाती येते की कपाटातच राहते, हे अवश्य विचारा. इल्म कानांनी मिळते, तसे ते हातांनीही मिळवावे लागते.