रिकामं पिंप

बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हे अमेरिकेतले केमिकल इंजिनियर. नोकरी विमा कंपनीत, कारखान्यांना आगी का लागतात ते बघायची. त्यांना दिसलं, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी कामगार जपून वागतात, ‘रिकाम्या’ पिंपांपाशी खुशाल सिगारेट ओढतात. आतली वाफ तर जास्तच भडकणारी! शब्दच माणसाला फसवतो, असं त्यांचं मत झालं. (वॉर्डात आम्ही रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरलाही जपायचो.)

भाषेचा नाद त्यांना लागला तो बायबलसाठी आपली हिब्रू शिकताना. पुढे येल विद्यापीठात एडवर्ड सपीर, एका हझानचे चिरंजीव, यांच्याकडे शिकले. होपी आदिवासींना काळाची आपल्यासारखी कल्पनाच नाही, हे त्यांचं म्हणणं नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढलं. पिंपाचं मात्र मला पटतं. ४४व्या वर्षी कॅन्सरने गेले. विम्याची नोकरी शेवटपर्यंत सोडली नाही.