हिमकणांचा छायाचित्रकार

आपल्या प्रयोगशाळेतला तो एकुलता एक सूक्ष्मदर्शक आठवतो ना? कांद्याचा पापुद्रा पाहायला आपण रांग लावायचो, आणि आपला नंबर येईपर्यंत तास संपायचा. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा असाच एक जुना सूक्ष्मदर्शक हाती आलेला शेतकऱ्याचा मुलगा डोळ्यांसमोर आला : विल्सन बेंटली.

त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी झाला. डोंगराळ मुलूख, लांबलचक हिवाळा आणि भरपूर हिमवर्षाव. आई पूर्वी शिक्षिका होती. चौदाव्या वर्षापर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले आणि पंधराव्या वर्षी आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला. विल्सनने त्याखाली हिमकण ठेवला आणि त्या सहा पाकळ्यांच्या नक्षीने त्याला कायमचे वेड लावले. तो चित्रे काढू लागला. पण चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई.

मग कॅमेऱ्याचा ध्यास लागला. वडिलांना हा सारा रिकामटेकडा उद्योग वाटे. तरीही अखेर त्यांनी पैसे घातले. विल्सनने सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याला जोडला. अनेक प्रयत्न फसल्यावर १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला हिमकणाचे पहिले यशस्वी छायाचित्र मिळाले.

काम थंडगार खोलीतच करावे लागे. काळ्या पाटीवर पडणारा बर्फ झेलायचा, चांगला कण काडीने अलगद उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबायचा, आणि हे सारे श्वास रोखून. कारण श्वासाच्या उबेनेही कण विरघळे. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून कणाला सहा बाजू येतात. ढगातून खाली येताना तापमान आणि बाष्प बदलत जाते, तशी प्रत्येकाची नक्षी वेगळी होते. आयुष्यभरात त्याने ५,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत हुबेहूब सारखे दोन कण त्याला सापडले नाहीत.

गावाला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. पोट शेतीवर आणि गाईंच्या दुधावर चाले. छायाचित्रांच्या काचा तो नाममात्र किमतीला विकी. चित्र उठून दिसावे म्हणून तो निगेटिव्हवर कणाभोवतीचा भाग चाकूने खरवडून काढी. त्यावरून जर्मनीतील एका हवामानशास्त्रज्ञाने त्याच्या चित्रांच्या खरेपणावरच शंका घेतली. बेंटली डगमगला नाही. पुढचा हिवाळा आला की तो पुन्हा पाटी घेऊन बाहेर उभा राही.

१९३१ साली हवामानशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्यासह त्याचे पुस्तक निघाले. त्यात २,४०० हून अधिक छायाचित्रे होती. त्याच डिसेंबरात तो हिमवादळातून घरी चालत आला, न्यूमोनियाने आजारी पडला आणि २३ तारखेला गेला. जवळपास सत्तेचाळीस हिवाळ्यांचे काम पुस्तकरूपाने पाहायला त्याला जेमतेम काही आठवडे मिळाले.

गुरुजनहो, त्या आईने मुलाला सूक्ष्मदर्शक दिला तेव्हा त्यातून काय निघेल, हे तिला कुठे ठाऊक होते? तुम्हीही आम्हाला असेच बरेच काही दिलेत. कुणाच्या हाती काय रुजले, ते या संमेलनात एकमेकांना नक्की विचारू या.