कार्डिनल न्यूमन आणि ऑक्सफर्ड

ऑक्सफर्ड विद्यापीठांत कॅथलिक विद्यार्थ्यांचें एक जुनें मंडळ आहे. तें १८७८ सालीं स्थापन झालें व १८८८ पासून न्यूमन सोसायटी या नांवानें ओळखलें जातें. ज्या थोर पुरुषाचें नांव या मंडळानें घेतलें, त्यास एके काळीं सदसद्विवेकबुद्धीस अनुसरल्यामुळें हेंच ऑक्सफर्ड सोडावें लागलें होतें. त्यांचें चरित्र विद्यार्थी व पालक या दोघांसहि बोधप्रद वाटेल, म्हणून आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

जॉन हेन्री न्यूमन यांचा जन्म लंडन शहरीं २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं झाला. त्यांच्या वडिलांची पेढी होती; ती १८१६ सालीं बुडाली व घरची स्थिति पालटली. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूमन यांचें नांव ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झालें. अतिश्रमानें थकल्यामुळें १८२० च्या पदवीपरीक्षेंत त्यांस अगदींच सामान्य यश मिळालें. दुसरा एखादा खचून गेला असता. न्यूमन यांनीं दोनच वर्षांत ओरिएल कॉलेजची मानाची फेलोशिप मिळविली. १८२८ मध्यें ते सेंट मेरी या विद्यापीठाच्या देवळाचे धर्मोपदेशक झाले. त्यांचीं प्रवचनें ऐकण्यास विद्यार्थ्यांची गर्दी होत असे.

त्या काळीं ऑक्सफर्ड हें इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राजमान्य चर्चचें विद्यापीठ होतें. चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही केल्यावांचून तेथें कोणासहि प्रवेश मिळत नसे; अर्थात् कॅथलिकांस दार बंदच होतें. आपल्या चर्चनें प्राचीन ख्रिस्ती परंपरेचें स्मरण ठेवावें म्हणून न्यूमन व त्यांचे मित्र यांनीं १८३३ पासून पत्रिका काढण्यास आरंभ केला. १८४१ सालच्या नव्वदाव्या पत्रिकेंत न्यूमन यांनीं त्या कलमांचा अर्थ जुन्या कॅथलिक शिकवणीशीं जुळतासा लावला, तेव्हां मोठें वादळ उठलें. त्यांनीं १८४३ मध्यें सेंट मेरीचें काम सोडलें. जवळच्या लिटलमोर गांवीं अध्ययन व प्रार्थना यांत काळ घालवून अखेर ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं त्यांनीं कॅथलिक धर्मसभेंत प्रवेश केला. फेलोशिप गेली, कित्येक जिवलग स्नेही दुरावले, आणि १८४६ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्डहि सुटलें.

पुढें ते कॅथलिक धर्मगुरु झाले. १८४८ मध्यें त्यांनीं धर्मगुरूंचा ऑरेटरी हा संघ इंग्लंडांत स्थापिला व बर्मिंगहॅम हें आपलें घर केलें. १८५४ ते १८५८ पर्यंत ते डब्लिन येथील कॅथलिक विद्यापीठाचे प्रमुख होते. त्याच १८५४ च्या कायद्यानें ऑक्सफर्डमध्यें शिकण्यास व पहिली पदवी घेण्यास धर्माची अट उरली नाहीं. कॅथलिक तरुणांनीं तेथें जावें व त्यांच्या धर्मजीवनास आधार असावा, या हेतूनें न्यूमन यांनीं १८६४ मध्यें ऑक्सफर्ड येथें जमीन घेतली. परंतु मुलें श्रद्धा गमावतील या भीतीनें आतां कॅथलिक अधिकाऱ्यांनींच विरोध केला, आणि १८६७ मध्यें तो बेत सोडावा लागला. पूर्वी विरोध परक्यांचा झाला नव्हता व आतांहि नाहीं; दोन्ही वेळां तो स्वकीयांचाच होता! तरी न्यूमन यांनीं वरिष्ठांची आज्ञा मोडली नाहीं.

काळ पालटला. ट्रिनिटी कॉलेजनें त्यांस आपले पहिले मानद फेलो निवडलें, आणि १८७८ च्या फेब्रुवारींत, बत्तीस वर्षांनीं, वृद्ध न्यूमन ऑक्सफर्डला परत आले. वर सांगितलेलें विद्यार्थिमंडळ त्याच वर्षीं निघालें. १८७९ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस कार्डिनल केलें. ११ ऑगस्ट १८९० रोजीं त्यांचें देहावसान झालें. ज्या परवानगीसाठीं ते झटले, ती रोमहून १८९५ मध्यें आली! १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं त्यांची संतमालिकेंत गणना झाली.

मूल दूरच्या मोठ्या विद्यालयांत गेलें तर आपल्या धर्मास मुकेल काय, ही चिंता पालकांस आजहि असते. दार लावून घेणें हा तिच्यावरील उपाय नव्हे. मुलास तेथें चांगली सोबत मिळेल अशी व्यवस्था करणें हाच खरा उपाय, असें हें चरित्र सांगतें. विद्यार्थ्यांनीं तर एवढें अवश्य ध्यानीं धरावें, कीं सत्यासाठीं जी किंमत पडेल ती आपण द्यावी, आणि मनांत कडूपणा न ठेवतां वाट पाहावी.